खुर्चीच्या काठावर बसलेली लेखिका

गुन्हेगारी कादंबरी कशी लिहावी हे शिकवणारी पुस्तकं इंग्रजीत ढिगाने आहेत. प्रेत कितव्या पानावर सापडावं, संशयित किती असावेत, वाचकाला चकवणारे धागे कुठे सोडावेत, याचे पाठ त्यांत असतात. पॅट्रिशिया हायस्मिथचं ‘प्लॉटिंग अँड रायटिंग सस्पेन्स फिक्शन’ हे पुस्तक नावावरून त्याच फळीवरचं वाटतं. बॉस्टनच्या ‘द रायटर’ या प्रकाशनसंस्थेने ते १९६६ मध्ये काढलं. उघडलं की सुरुवातीलाच लेखिका हात वर करते. चांगलं पुस्तक कसं लिहायचं हे कुणी कुणाला सांगू शकत नाही, माझ्या टेबलावर काय काय घडलं तेवढं मी सांगते, असा तिचा पवित्रा. आणि मग ती सांगते त्यात जमलेल्या गोष्टींइतक्याच फसलेल्याही असतात. साभार परत आलेली बाडं, फेकून दिलेली पानं, संपादकांनी नाक मुरडलेली पात्रं, मध्येच दम तोडलेली कथानकं. तोवर तिच्या अकरा कादंबऱ्या छापून झाल्या होत्या आणि दिग्दर्शक हिचकॉकने त्यांतल्या एकीवर सिनेमाही केला होता. इतकं नाव झालेल्या लेखकाने आपली केराची टोपली अशी चारचौघांत उपडी केल्याची उदाहरणं फार नाहीत.

पुढच्या पानांत तिच्या लेखनपद्धतीची ओळख करून दिली आहे, ती मुख्यतः मराठीत रहस्य आणि थरार लिहू पाहणाऱ्यांसाठी. ओळख वाचण्याआधी दोन-चार गोष्टी सांगून ठेवायला हव्यात. कारण हायस्मिथचा सल्ला वरवर साधा दिसला, तरी तो जसाच्या तसा उचलणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

तिचा जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. आईवडिलांचा घटस्फोट ती जन्मण्याआधीच झालेला. पुढे वाढली न्यूयॉर्कमध्ये, आई आणि सावत्र वडिलांच्या घरात. आठ-नऊ वर्षांची असताना घरातल्या पुस्तकांत तिला कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाचं ‘द ह्यूमन माइंड’ सापडलं. आग लावण्याची, चोरी करण्याची ओढ असलेल्या, भ्रमांनी पछाडलेल्या माणसांच्या हकीगती त्यात होत्या. शेजारपाजारची, ट्राममध्ये समोर बसलेली माणसंही आतून अशी असू शकतात, हे तिथेच तिच्या डोक्यात बसलं. १९४२ मध्ये बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेतल्यावर पोटासाठी तिने काही वर्षं कॉमिक्सच्या संहिता लिहिल्या. पुढे या कामाबद्दल ती फारसं बोलत नसे. मला मात्र वाटतं की चार चौकटींत प्रसंग हलता ठेवायची सवय तिला तिथेच लागली असावी.

लेखनाच्या वह्या तिने विद्यार्थिदशेपासून शेवटपर्यंत ठेवल्या. रोजनिशी वेगळी, कल्पनांची वही वेगळी. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिचं निधन झालं, तेव्हा तेन्या गावातल्या तिच्या घरी चादरी-टॉवेलांच्या कपाटात या वह्या सापडल्या. सगळी मिळून सुमारे आठ हजार पानं. त्यांतलं निवडक २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. नव्या लेखकाला तिचा पहिला सल्लाही वहीचाच आहे. दिवसभर कामासाठी बाहेर असाल तर छोटी, घरीच असाल तर मोठी. आणि त्यात संपूर्ण कल्पना लिहायची नाही. तीन-चार शब्द पुरतात, पण ते त्याच क्षणी उतरले पाहिजेत.

असे तीन-चार शब्द म्हणजे अजून गोष्ट नव्हे, हेही ती बजावते. याचं तिने दिलेलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. एका ओळखीच्या बाईने तिला एका विधवेची हकीगत सांगितली. दहा वर्षांच्या मुलाला ती आई लहान बाळासारखी वागवायची, त्याच्या वयाला न शोभणारे कपडे घालायची. हायस्मिथला हकीगत भावली. पण पुढे काय? वर्ष उलटलं तरी ती तशीच पडून राहिली. मग एके दिवशी एका पाककृतींच्या पुस्तकात कासवाचा रस्सा कसा करावा, याची कृती तिच्या वाचनात आली. जिवंत कासव उकळत्या पाण्यात कसं टाकायचं, हे त्यात शांतपणे सांगितलं होतं. त्या क्षणी विरजण लागलं. आई स्वयंपाकासाठी कासव आणते, मुलाला वाटतं आपल्यालाच पाळायला आणलं. त्यापुढचं वाचकाने ‘द टेरापिन’ या कथेतच वाचावं. एकटी आई-मुलाची हकीगत म्हणजे करुण किस्सा होता. एकटी पाककृती म्हणजे नुसता शहारा. गोष्ट दोन्ही भेटल्यावर झाली. आपल्याकडे कथा-कार्यशाळांत ‘कल्पना सुचत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. हायस्मिथचं उत्तर असं, की सुचलेल्या कल्पनेला जोडीदार मिळेपर्यंत तिला हात लावू नका.

‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’चं बीज मात्र एका फेरफटक्यात सापडलं. १९४५ च्या सुमारास आई आणि सावत्र वडिलांबरोबर हडसन नदीकाठी फिरताना तिला सुचलं की दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या शत्रूंचे खून करायचे ठरवले तर? ज्याच्याकडे हेतू आहे तो घटनास्थळापासून दूर, आणि ज्याने खून केला त्याचा मृताशी काही संबंध नाही. पोलीस शोधणार काय? कल्पना चतुर आहे. पण चतुर कल्पनेवर पुस्तक उभं राहत नाही, हे तिला लिहिताना कळत गेलं. पुस्तक उभं राहिलं ते गाय हेन्स या सज्जन वास्तुशिल्पकारावर. दुसऱ्या अनोळखी माणसाने, ब्रूनोने, आपल्या वाट्याचा खून करून टाकला आहे, आता गायची पाळी. तो नाही म्हणतो, टाळतो, कुढतो, आणि अखेर तोही खून करतो. कादंबरी १९५० मध्ये आली. हिचकॉकने आपलं नाव पुढे न करता सुमारे साडेसात हजार डॉलरमध्ये हक्क मिळवले आणि १९५१ च्या सिनेमात नेमका हा दुसरा खून काढून टाकला. पडद्यावरचा गाय निर्दोष राहतो. पटकथेसाठी बोलावलेल्या रेमंड चँडलरला तर मूळ कथानकच अशक्य कोटीतलं वाटत होतं. सिनेमा उत्तमच आहे. तरी त्यात हायस्मिथ नाही, असं माझं मत आहे. सभ्य माणूसही खून करू शकतो, एवढी एकच गोष्ट तिला सांगायची होती, आणि तीच गाळली गेली.

पुढे फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेमाँने १९६० मध्ये रिप्ली या तिच्या खुनी नायकाच्या कादंबरीवर सिनेमा केला. त्याचा शेवटही कायद्याच्या हाताशी नेऊन ठेवला. लोकांच्या नीतिभावनेला दिलेली ही सवलत तिला मुळीच रुचली नाही. न्याय झालाच पाहिजे हा वाचकांचा हट्ट तिला कंटाळवाणा आणि बेगडी वाटे. निसर्गाला न्यायाची फिकीर नसते, मग गोष्टीला का असावी, असा तिचा सवाल.

ज्या रिप्लीमुळे ती जगभर पोहोचली त्याची हकीगत लेखकांनी दोनदा वाचावी. १९५२ मध्ये इटलीतल्या पोसितानो गावी ती उतरली होती. सकाळी सहाच्या सुमारास हॉटेलच्या सज्जातून तिला एक तरुण दिसला. अर्धी विजार, पायात सँडल, खांद्यावर टॉवेल. समुद्रकिनाऱ्यावरून एकटाच विचारात गढून चालला होता. तो तिला पुन्हा कधी दिसला नाही. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी तिने एक छोटं घर भाड्याने घेतलं आणि कादंबरीला हात घातला. घरमालक अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. तेव्हा तिच्या डोक्यात भलतंच कथानक होतं. रिप्ली एका प्रेताबरोबर रेल्वेने प्रवास करतो आणि त्या प्रेतात अफू भरलेली असते. त्यासाठी घरमालकाचं काम आत जाऊन बघता येईल का, अशी तिने चौकशीही केली. त्याने अर्थातच दाद दिली नाही. ते कथानक पुढे तिनेच सोडून दिलं, आणि नशीब म्हणायचं.

पंचाहत्तरेक पानं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की गद्य सैल पडतंय. हवा छान, घर निवांत, लिहिणारी बाईही निवांत. तिने ती पानं बाजूला टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मनाने आणि शरीरानेही खुर्चीच्या काठावर बसून. कारण रिप्ली हा खुर्चीला पाठ टेकून बसणारा माणूसच नाही. दारावर टकटक झाली की दचकणारा, दुसऱ्याच्या कपड्यांच्या कापडाचा दर्जा एका नजरेत ओळखणारा, सतत पकडले जाण्याच्या भीतीत जगणारा. तो ज्या बैठकीत जगतो त्याच बैठकीत बसून ती लिहू लागली, तेव्हा वाक्यं आपोआप आखडली, वेगवान झाली. सहा महिन्यांच्या आसपास पुस्तक हातावेगळं झालं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याहून सोपं पुस्तक तिने कधी लिहिलं नाही. आपण नुसतं टाइप करतोय, लिहितोय तो रिप्लीच, असं तिला वाटत राहिलं. १९५५ मध्ये ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ आली. अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेने तिला एडगर ॲलन पो यांच्या नावाचं मानपत्र दिलं. तिने ते न्हाणीघरात टांगलं. दमट हवेने बुरशी धरल्यावर काच काढून पुसलं आणि पुसता पुसता आपल्या नावाआधी ‘मिस्टर रिप्ली आणि’ असं लिहून टाकलं.

शैलीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा शब्दांचं, अलंकारांचं, बोलीचं. शैली बसण्यातून येते, हे इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट दिसायची आहे त्याचा श्वास आधी आपल्या छातीत यायला हवा, मग वाक्याची लांबी ठरते. तिच्या सगळ्या सल्ल्यांचं मूळ मला इथे दिसतं. तंत्र म्हणून ती जे सांगते ते पाहायला गेलं तर स्वतःची मनःस्थिती राखण्याचे उपाय आहेत. काही माणसं भेटल्यावर कल्पना मरतात, मग ती माणसं कितीही भली असोत. लिहीत असताना त्यांना भेटू नका. चालू गोष्ट कुणाला सांगत बसू नका. अडलात तर झोपा. अगदी खरी झोप. पात्राची अडचण मनात घेऊन ती दुपारची डुलकी काढायची आणि बऱ्याचदा उत्तर घेऊन उठायची. दिवसाढवळ्या झोपणारा लेखक आपल्या घरांत आळशी ठरतो. हा परिच्छेद घरच्यांना दाखवायला हरकत नाही.

तिला काय जमत नव्हतं, तेही तिने लिहून ठेवलंय. कोडी रचणं हा आपला प्रांत नाही, गुपितं राखायलाही आपल्याला आवडत नाही, हे ती स्पष्ट सांगते. ‘खून कुणी केला’ या साच्यातली तिची एकच कादंबरी, मेक्सिकोत घडणारी ‘अ गेम फॉर द लिव्हिंग’. संपादकीय सूचनेवरून त्यात तिला खुनीच बदलावा लागला आणि मागचं सगळं पुन्हा लिहावं लागलं. आपलं खरोखर नीरस झालेलं पुस्तक हेच, असा शेरा तिनेच मारून ठेवला आहे. दुसरीकडे ‘द टू फेसेस ऑफ जॅन्युअरी’ हार्पर या प्रकाशनसंस्थेने नाकारली. पुस्तकात एक-दोन विक्षिप्त माणसं खपून जातात, मुख्य तिन्ही पात्रं तशीच असून कसं चालेल, असा आक्षेप होता. तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने १९६४ मध्ये छापली आणि इंग्लंडच्या गुन्हेकथा-लेखक संघटनेने तिला त्या वर्षीची उत्कृष्ट परदेशी कादंबरी ठरवलं. संपादक मूर्ख असतात असा निष्कर्ष मात्र हायस्मिथ यातून काढत नाही. पुढच्याच प्रकरणात ती नकाराबरहुकूम अख्खी कादंबरी नव्याने लिहिताना दिसते.

ते प्रकरण ‘द ग्लास सेल’चं, म्हणजे हायस्मिथच्या या पुस्तकाचं काळीज. तुरुंगातल्या एका कैद्याने तिची ‘डीप वॉटर’ वाचून तिला पत्र लिहिलं. तिने उत्तर दिलं, पत्रव्यवहार वाढला, तुरुंगातला दिवस कसा जातो ते तिने त्याच्याकडून माहीत करून घेतलं. मग एका कैद्याबद्दलच्या पुस्तकात तिला तो प्रसंग सापडला. चुकून शिक्षा झालेल्या एका इंजिनिअरला पहारेकरी अंगठ्यांना बांधून टांगतात, वेदना शमवण्यासाठी दिलेल्या मॉर्फीनची त्याला सवय लागते. इथून फिलिप कार्टर जन्मला. तुरुंग माणसाचं काय करतो, आणि सुटून आल्यावर तो माणूस कुणाचं काय करतो, एवढाच तिचा प्रश्न. मसुदा गेला, परत आला. पुन्हा लिहिला, तरी हार्परला पटला नाही. शेवटी १९६४ मध्ये डबलडेने छापला. काय बदललं, का बदललं, कुठल्या प्रसंगावर तिला स्वतःलाच विश्वास वाटत नव्हता, हे सगळं ती उकलून दाखवते. दुसरा खर्डा म्हणजे शुद्धलेखन तपासणं नव्हे हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याला या एका प्रकरणानंतर वेगळ्या शिकवणीची गरज पडू नये. ऑलिंपिया टाइपरायटरवर पान न् पान नव्याने बडवण्याचे ते दिवस. आजचा लेखक संगणकावर तेवढ्यापुरता परिच्छेद दुरुस्त करून पुढे जातो आणि अख्खं पुस्तक बोटांखालून पुन्हा जाण्याचा लाभ गमावतो.

आता आपल्याकडे वळू. मराठी रहस्यकथेची परंपरा मोठी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पिढ्या वाचत्या केल्या. या परंपरेचा नायक धाडसी, हजरजबाबी आणि बहुतांशी न्यायाच्या बाजूचा. गुन्हेगाराच्या डोक्यात शिरून तिथून जग बघणारं लेखन आपल्याकडे तुलनेने विरळ. त्याची भूक नव्हती असं मात्र नाही. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडलं. दहा खून, आणि ते करणारे कला महाविद्यालयातले तरुण. शहर संध्याकाळी दारं लावून घेऊ लागलं. नंतर कित्येक वर्षं घराघरांतून एकच प्रश्न विचारला जात होता, ही मुलं अशी झाली कशी? त्यांच्यातल्या, फाशीची शिक्षा झालेल्या मुनव्वर शाहचं ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे पुस्तक लोकांनी हातोहात वाचलं ते याच प्रश्नापायी. कादंबरीकारांनी तो प्रश्न बराचसा वृत्तपत्रांवर सोडून दिला. माझ्या मते हायस्मिथ मराठीत वाचायची ती ही रिकामी जागा डोळ्यांसमोर ठेवून.

एका बाबतीत मात्र तिचं ऐकू नये. पोलीस आणि कायदा यांत तिला रस नव्हता. तिचे तपास अधिकारी अनेकदा कथेच्या सोयीने येतात, चुकीचे प्रश्न विचारतात आणि जातात. १९५५ च्या इटलीत ते खपलं. आज मराठी वाचकाला टीव्हीवरच्या मालिकांनी पंचनाम्यापासून डीएनएपर्यंत सगळं तोंडपाठ करून दिलंय. खुनाला तीनशे दोन कलम लागतं हे शेंबडं पोरही सांगायचं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यानंतरच्या खुनाला १०३ कलम लागतं. आजची गोष्ट लिहिणाऱ्याच्या हवालदाराने ‘तीनशे दोन लावतो’ अशी धमकी सवयीने दिली तर ते बोलण्यातलं म्हणून चालेल, आरोपपत्रात चालणार नाही. मोबाइल कुठल्या टॉवरच्या हद्दीत होता, कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा चालू होता का, हेही आता कथानकाचे भाग झालेत. रिप्लीला हे अडथळे नव्हते. आपल्या खुन्याला आहेत आणि लेखकाने ते संधी म्हणून वापरावेत.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माणूस म्हणून हायस्मिथ अवघड होती. गोगलगाई पाळायची, त्या पर्समधून मेजवान्यांना न्यायची, हे सगळे किस्से हसून सांगण्यासारखे. ज्यूंबद्दल आणि कृष्णवर्णीयांबद्दल तिच्या वह्यांत जे उतरलंय ते हसून सोडण्यासारखं नाही. वय वाढलं तसा तो विखार वाढत गेला. दुसरीकडे हीच बाई १९५२ मध्ये ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ लिहिते. दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी, आणि शेवट शोकान्त नाही. त्या काळात ती क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने छापावी लागली आणि पुढे कित्येक वर्षं हायस्मिथने तिच्यावर उघडपणे आपलं नाव घातलं नाही. दुहेरी आयुष्य जगणं, पकडलं जाण्याची भीती, दुसऱ्याच्या नावाने वावरणं, हे रिप्लीचं सामान तिला बाहेरून आणावं लागलं नव्हतं. म्हणून तिच्या मतांना माफी मिळते असं नव्हे. तिच्या पुस्तकांतला काळोख कुठून येतो, तेवढं यातून दिसतं.

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ वाचा. रिप्लीच्या एकूण पाच कादंबऱ्या आहेत, शेवटची १९९१ ची. पण पहिलीची सर बाकीच्यांना नाही. दुसरी मात्र करमणूक म्हणून झकास आहे. त्यानंतर ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’, आणि ती संपल्यावरच हिचकॉकचा सिनेमा. ‘डीप वॉटर’ ज्यांचं लग्न सुरळीत चाललंय त्यांनी वाचावी. ‘द ग्लास सेल’ मात्र त्यावरचं प्रकरण वाचण्याआधी हातावेगळी करावी. लेखिकेने तिथे शेवटासकट सगळं फोडून ठेवलंय, आणि पुढच्या पानांतल्या ओळखीतही ते लपवता आलेलं नाही.